मुलाचे दात काय सांगतात?



उसावर लोकरी मावा आलाय का, हे बघायला आपण पान उलटतो. घरातल्या पोराचा ओठ मात्र सहसा कोणी उचलून बघत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

दुधाचे दात २०. "पडायचेच आहेत, दवाखाना कशाला?" असे आपण म्हणतो. पण दाढ ठणकू लागली की मूल एका बाजूने चावते, रात्री उठून रडते, जेवण टाळते. हिरडीवर पुवाची पुळी आली तर कीड मुळापर्यंत गेली असे समजावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येणारी दाढ कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

नुसती कीड म्हणजे हेळसांड नव्हे. कोणाला माहिती नसते, कोणाजवळ पैसा नसतो. टोळीतल्या आईला कोयता खाली ठेवला की दिवसाची मजुरी बुडते. तिला बोल लावू नये. पोराला दवाखान्यात न्यायची सोय करावी. मात्र डॉक्टरांनी सांगितले, सोयही आहे, तरी मूल महिनोन् महिने ठणक सोसत राहिले, तर ती हेळसांडच.

माराच्या खुणा वेगळ्या. खेळताना पडले की बहुधा कपाळ, हनुवटी, गुडघे फुटतात. पण कानावर, मानेवर, दोन्ही गालांवर वळ असतील. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या वरच्या ओठाआडचा पडदा फाटला असेल. तोंडाच्या कडांना आवळल्याचे व्रण असतील. जुन्या-नव्या जखमा एकत्र दिसतील किंवा हकिकत दर वेळी बदलत असेल, तर सावध व्हावे. एकाच खुणेवरून मात्र कोणाला गुन्हेगार ठरवू नये.

अशा वेळी मुलाची उलटतपासणी करू नये. ते आपणहून बोलेल ते शांतपणे ऐकावे, डॉक्टरांना दाखवावे आणि १०९८ या मोफत क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका असेल तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला हा कायदा संरक्षण देतो.

"दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा?" असे म्हणून गप्प बसू नये. मूल स्वतः दवाखान्यात जाऊ शकत नाही. त्याला कोणीतरी मोठ्यानेच न्यावे लागते.