नोरा गेली, लॉरा परतली

जिच्यावरून नोरा बेतली ती बाई घर सोडून गेलीच नव्हती. नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, मुले तिच्यापासून तोडली आणि महिन्याभराने बाहेर आल्यावर तिनेच त्याला विनवले, मुलांसाठी तरी मला घरात घे. त्याने घेतले, तेही नाखुशीने. ही १८७८ सालची, डेन्मार्कमधल्या हिलरोड गावच्या एका शिक्षकाच्या घरातली गोष्ट. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबरला, हेन्रिक इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात रंगभूमीवर आले आणि नोराने लावलेल्या दाराचा आवाज युरोपभर गेला.

नाटकाची गोष्ट दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. लॉरा कीलरची मात्र सांगायला हवी. इब्सेनवरच्या पुस्तकांत ती बहुधा तळटीपेत भेटते, आणि तिथून तिला वर काढले की नाटकाचा रंगच बदलतो.

लॉरा १८४९ साली नॉर्वेच्या पार उत्तरेला, ट्रॉम्सोला जन्मली. इब्सेनच्या ‘ब्रान्ड’ या नाट्यकाव्याने तेव्हा स्कँडिनेव्हियातली तरुण मंडळी भारून गेली होती. ध्येयासाठी बायको आणि मूल यांचा बळी देणारा पाद्री त्याचा नायक. विशीतल्या लॉराने १८६९ मध्ये त्याला जोड म्हणून ‘ब्रान्डच्या मुली’ ही कादंबरी टोपणनावाने छापली. कुणा नवख्या मुलीने आपल्या कृतीला शेपूट जोडावे, याचा दुसऱ्या एखाद्या लेखकाला राग आला असता. इब्सेनने तिला पत्र लिहून उत्तेजन दिले. १८७१ च्या उन्हाळ्यात ती ड्रेस्डेनला राहिली, इब्सेनच्या घरी तिचे येणे-जाणे झाले, त्याच्या बायकोशी, सुझानाशी, तिची गट्टी जमली. इब्सेन तिला लाडाने ‘चंडोल’ म्हणे. हेच नाव आठ वर्षांनी त्याने नोराच्या नवऱ्याच्या, हेल्मरच्या तोंडी घातले. घरी आलेल्या मुलीचे लाडके नाव अशा नवऱ्याला देऊन टाकण्यात कौतुक किती आणि स्वतःलाच काढलेला चिमटा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

१८७३ मध्ये लॉराचे व्हिक्टर कीलरशी लग्न झाले. पुढे त्याला क्षय झाला. हवापालट करा, उबदार देशात न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. पण घरात पैशाचा विषय निघाला की या गृहस्थाचे डोके फिरे. लॉराने त्याला न सांगता एका स्नेह्याच्या हमीवर कर्ज काढले आणि १८७६ मध्ये त्याला इटलीला नेले. तो बरा झाला. सावकार मात्र दाराशी उभाच होता. विवाहित बाईला स्वतःच्या कमाईवर हक्क देणारा कायदा डेन्मार्कमध्ये १८८० साली आला, म्हणजे लॉराचे सगळे होऊन गेल्यावर.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मार्च १८७८ चे इब्सेनचे पत्र. कर्ज फेडण्यासाठी लॉराने घाईघाईने एक पुस्तक लिहिले होते. तुमच्या प्रकाशकाकडे माझ्यासाठी शब्द टाका, एवढेच तिचे मागणे होते. इब्सेनने साफ नकार दिला. पुस्तक सुमार होते, त्यामुळे त्याचा नकार रास्तच म्हणायला हवा. पण त्याने वर उपदेशही केला. नवरा हयात असताना बाईने एकटीने एवढा भार वाहायचे कारण नाही, काय असेल ते त्याला सांगून टाक आणि चिंता त्याच्यावर सोपव, असा त्या पत्राचा आशय आहे.

लॉराने हस्तलिखित जाळले आणि खोट्या सहीचा कागद बँकेत दिला. बँकेने पैसे नाकारले, बिंग फुटले. ज्याच्या जिवासाठी हा उपद्व्याप केला तो नवरा उलटला. तू गुन्हेगार आहेस, मुलांजवळ राहायच्या लायकीची नाहीस, असे त्याने तिला ठरवून टाकले. ती कोसळली, तेव्हा इस्पितळ.

इब्सेनला ही हकीकत कळली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रोममध्ये त्याने ‘आजच्या काळातल्या शोकांतिकेसाठी’ टिपणे काढायला घेतली. कायदे पुरुषांचे, न्यायाधीश पुरुष, आणि बाईच्या वागण्याचा निवाडा पुरुषाच्या मापाने, अशा समाजात बाईला स्वतःसारखे राहताच येत नाही, हे त्या टिपणांचे सार. पत्र आणि टिपणे शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लपत नाही. मार्चमध्ये ‘नवऱ्याला सांग’ म्हणणारा माणूस आता असे नाटक लिहू लागला होता, ज्यात नवऱ्याला सगळे कळते आणि तो नेमका व्हिक्टर कीलरसारखाच वागतो. सल्ला चुकला होता. इब्सेनने ते नाटकात कबूल केले, लॉराला कधी कळवले नाही.

नाटकातली कारागिरी मात्र अव्वल. कर्जाचा आकडा चार हजार आठशे क्रोनर. नोरा वडिलांची खोटी सही करते आणि तारीख घालते २ ऑक्टोबरची. वडील वारले २९ सप्टेंबरला. मेलेल्या माणसाने तीन दिवसांनी सही केली, एवढ्या एका चुकीत नोराचे सगळे जग उकलते. बापाला आजारपणात त्रास नको, नवऱ्याचा जीव वाचावा, दोन्हीकडच्या घरांचे हित बघणारी ही मुलगी कायद्याच्या लेखी नुसती खोटी सही करणारी.

पुढची काही वर्षे युरोपातले लोक ते दार बंद होऊ नये म्हणून धडपडले. जर्मनीतली नावाजलेली नटी हेडविग नीमान-राबे हटून बसली, मी माझी मुले टाकून कधीच जाणार नाही, तेव्हा असा शेवट मी करणार नाही. नॉर्वेच्या लेखकाला तिथे कायद्याचे संरक्षण नव्हते. दुसरा कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीपाशी नेतो, ती तिथेच खाली बसते आणि पडदा पडतो. फेब्रुवारी १८८० मध्ये फ्लेन्सबुर्गला हा प्रयोग झाला. या शेवटाला इब्सेनने स्वतःच रानटी अत्याचार म्हटले. इंग्लंडात १८८४ मध्ये ‘ब्रेकिंग अ बटरफ्लाय’ नावाने रूपांतर झाले, त्यातला नवरा बायकोचा दोष आपल्या शिरावर घेतो आणि सगळे गोड होते.

गंमत अशी की या लोकांना जो शेवट हवा होता तो प्रत्यक्षात घडूनच गेला होता. लॉरा मुलांसाठीच परतली होती. तिच्या परत येण्यात गोड काहीच नव्हते.

आणि आता तर तिला लोक नोरा म्हणू लागले. तिने पुढे बरेच लिहिले, लेखिका म्हणून स्वतःचे नाव कमावले, पण चारचौघांत ओळख एकच, इब्सेनची नोरा, म्हणजे खोटी सही करणारी. त्यात गेओर्ग ब्रँडेस या बड्या समीक्षकाने लिहिले, की मूळ नोराने पैसे नवऱ्याच्या प्राणासाठी नव्हे, घर सजवायला उचलले होते. स्त्रीमुक्तीवर मिलचे पुस्तक डॅनिशमध्ये आणणारा हाच ब्रँडेस! १८९० मध्ये लॉराने ‘मेन ऑफ ऑनर’, म्हणजे अब्रूदार पुरुष, या नावाचे नाटक लिहून उदारमतवादी साहित्यिकांच्या दुटप्पीपणावर हल्ला चढवला. ब्रँडेसच्या गोटाने तिची सालटी काढली. १८९१ मध्ये ती इब्सेनला भेटली. ब्रँडेसने लिहिले ते खरे नाही, एवढे जाहीरपणे सांगा, असे तिने त्याला विनवले. तिच्या सांगण्याप्रमाणे इब्सेन रडला. निवेदन त्याने अखेरपर्यंत दिले नाही. मे १८९८ मध्ये नॉर्वेच्या स्त्री-हक्क संघटनेने त्याचा सत्कार केला, तेव्हा त्याने स्त्रियांच्या चळवळीसाठी आपण जाणूनबुजून काही केल्याचा मान नाकारला. लोक याला विनय समजतात. लॉराची गोष्ट ठाऊक असलेल्याला तो खरेपणा वाटतो.

नोराची फेरी मग दूरवर गेली. डिसेंबर १९२३ मध्ये बीजिंगच्या विद्यार्थिनींपुढे चिनी लेखक लू शुनने थेट विचारले, नोरा गेल्यावर तिचे होते काय? त्याच्या मते दोनच वाटा, वाईट मार्गाला लागणे किंवा परत येणे. हाताशी पैसा असेल तर गोष्ट वेगळी. लॉराचे नावही न घेता त्याने तिच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले.

मराठीत नॉर्वे आधी आले ते इब्सेनच्या व्याह्याकडून. इब्सेनचा मुलगा सिगुर्ड हा नॉर्वेच्याच नाटककार ब्यर्न्सनचा जावई. ब्यर्न्सनच्या ‘गाँटलेट’वरून श्री. वि. वर्तकांनी केलेली ‘आंधळ्यांची शाळा’ १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने मुंबईत रंगभूमीवर आणली. लग्नाआधीच्या शुद्धतेची अट मुलीलाच का, हा त्यातला सवाल विचारायला ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक या स्त्रियाच रंगमंचावर उभ्या होत्या. पुढच्या वर्षी अत्र्यांच्या ‘घराबाहेर’मधल्या निर्मलेने उंबरठा ओलांडला. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ नावाने खुद्द नोरालाच मराठी केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये रांगणेकरांची ‘कुलवधू’ आली. तिच्यातली भानुमती कमावती नटी आहे, म्हणजे लू शुनने मागितलेला पैसा तिच्या हातात आहे. तरी नाटकाचा सगळा जीव कुळाशी असलेल्या नात्यातच गुंतलेला. याला बोटचेपेपणा म्हणण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. लॉराकडे पाहिल्यावर ती टीका जरा उतावळी वाटते. घर न सोडणाऱ्या बाईचेही नाटक होते, फक्त ते लिहायला जास्त अवघड.

लॉरा कीलर १९३२ मध्ये वारली, इब्सेनमागे सव्वीस वर्षांनी. नोराची भूमिका गाजवलेल्या नट्या आपल्याकडे झाल्या. इब्सेनपुढे बसून ‘एवढे एक वाक्य छापा’ म्हणणाऱ्या लॉराचा प्रवेश पेलणाऱ्याही आज आहेत. मराठी नाटककारांपैकी कुणीतरी तो लिहायला घ्यावा.