येवल्याची पैठणी : मागणी, प्रतीक्षा आणि पुनर्विक्री

येवल्याची पैठणी ही नाशिक जिल्ह्यातील येवला येथे हातमागावर विणली जाणारी रेशीम व जरीची साडी आहे. येवला हे नांदगाव तालुक्याला लागून असलेल्या तालुक्याचे मुख्य ठिकाण असून मनमाड–दौंड लोहमार्गावर वसलेले आहे. भरजरी पैठणी बहुधा आगाऊ मागणी नोंदवून विणून घेतली जाते व तिच्यासाठी काही महिने, प्रसंगी वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. नव्या पैठणीची किंमत मुख्यतः तिच्यातील श्रमांवर ठरते. जुनी पैठणी विकताना मात्र दीर्घकाळ तिच्या जरीतील सोन्याचांदीचाच हिशेब केला गेला. त्यामुळे अनेक जुनी वस्त्रे जतन होण्याऐवजी वितळवली गेली.

पार्श्वभूमी

पैठणीचे नाव गोदावरीकाठच्या पैठण या नगरावरून पडले आहे. परंपरेनुसार येवल्याचे संस्थापक राघोजी नाईक यांनी सतराव्या शतकात विणकरांना येथे आणून वसवले. पेशवाईत या वस्त्राला मोठा आश्रय मिळाला. पुढे येवला हे पैठणीचे सर्वांत मोठे उत्पादनकेंद्र बनले. २०१० मध्ये पैठणी साड्या व कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले.

विणकामास लागणारा वेळ

पैठणीचा पदर हे तिच्यातील सर्वाधिक वेळखाऊ अंग असते. त्यावरील बांगडी मोर, आसावली, कुयरी, पोपट (मुनिया) यांसारखी नक्षी छापलेली किंवा भरतकामाने उठवलेली नसते. ती विणतानाच घडते. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी आडव्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. विणकर उभे धागे मोजून प्रत्येक कांडी नेमक्या जागेपर्यंत नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवतो आणि परत फिरवतो. एक ओळ पूर्ण झाली की फणी ठोकून पुढील ओळ सुरू होते. या पद्धतीमुळे पदराच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात.

साध्या काठाची व छोट्या पदराची पैठणी काही आठवड्यांत तयार होते. मोठा पदर, रुंद काठ आणि अंगभर नक्षी असलेल्या ब्रोकेड पैठणीला अनेक महिने लागतात.

प्रतीक्षा का वाढते

एका वस्त्रासाठी माग पूर्ण काळ अडकून राहतो. उदाहरणार्थ, एखाद्या प्रकाराला सहा महिने लागत असतील तर त्या मागावर वर्षाला दोनच साड्या उतरतील. चार मागण्या आधीच नोंदलेल्या असल्यास पाचव्या ग्राहकाची साडी सुरू होण्यासच दोन वर्षे जातील आणि ती हाती येईपर्यंत अडीच वर्षे होतील. मागावर आणखी माणसे बसवून हा काळ फारसा कमी करता येत नाही, कारण पदराची रुंदी एक-दोन विणकरांपुरतीच असते. नवीन माग उभा करता येतो. परंतु कुशल विणकर तयार होण्यास काही वर्षे लागतात.

रंगनिवडीचाही प्रतीक्षेवर परिणाम होतो. मागावर चढवलेल्या एका ताण्यातून सामान्यतः एकापेक्षा अधिक साड्या विणल्या जातात. ग्राहकाला वेगळ्या रंगाचा ताणा हवा असल्यास चालू ताणा संपण्याची वाट पाहावी लागते. त्यानंतर नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला सांधावा लागतो. धूपछाँव पैठणीत उभे व आडवे धागे भिन्न रंगांचे असल्याने हे नियोजन आधीपासूनच करावे लागते.

मागणी वर्षभर सारखी नसते. दिवाळी आणि तुळशीविवाहानंतर सुरू होणारी लग्नसराई या काळात ती एकवटते. ग्राहक विसार देऊन नक्षी, रंग आणि मुदत ठरवतो. २००४ पासून झी मराठी वाहिनीवर प्रसारित झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमात विजेत्या गृहिणीला पैठणी दिली जाई. त्यामुळे हे वस्त्र महाराष्ट्रातील घराघरांत अधिक परिचित झाले.

पुनर्विक्रीचे प्रकार

पैठणी प्रामुख्याने वारसा म्हणून आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जाते. आजीची पैठणी हा शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या प्रसिद्ध कवितेचाही विषय आहे. घराबाहेर गेलेल्या जुन्या पैठणीला साधारणतः तीन वाटा असतात.

पहिली वाट वितळवण्याची. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. जुन्या जरीचे खरेदीदार असे वस्त्र वजनावर घेतात. जाळल्यावर रेशमाची राख होते व धातू उरतो. तो मुशीत वितळवून त्यातील चांदी आणि सोने वेगळे केले जाते. या व्यवहारात विणकामाचे मोल शून्य धरले जाते. चांदीचा भाव चढला की जुनी वस्त्रे विकण्याचा मोहही वाढतो.

दुसरी वाट काठ-पदर वाचवण्याची. अंगाचे रेशीम जीर्ण झाले तरी जरीचा काठ व पदर पुष्कळदा टिकून असतात. ते कापून नव्या कापडावर बसवतात किंवा त्यांचे ब्लाउज, झबले, ओढणी करतात. काही कुटुंबे पदर चौकटीत मढवून ठेवतात. यात मूळ साडी नाहीशी होते, परंतु विणकाम शिल्लक राहते.

तिसरी वाट अखंड साडीच्या विक्रीची. संग्राहक, वस्त्रांचे अभ्यासक आणि जुन्या नक्षीच्या शोधात असलेले ग्राहक अशी साडी घेतात. येथे नक्षीचे दुर्मिळपण, नैसर्गिक रंग, जरीचा प्रकार आणि वस्त्राची स्थिती यांवर किंमत ठरते. घडीच्या रेषेवर रेशीम चिरलेले असल्यास मोल उतरते. म्हणून पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवण्याची आणि तिची घडी अधूनमधून बदलण्याची पद्धत आहे.

अस्सलपणाची ओळख

यंत्रमागावरील स्वस्त ‘सेमी पैठणी’ बाजारात मोठ्या प्रमाणावर आल्यामुळे पुनर्विक्रीत पारख महत्त्वाची ठरते. यंत्रावर विणलेल्या नक्षीच्या मागील बाजूस बहुधा लांब सुटे धागे किंवा ते कापल्याच्या खुणा दिसतात. २००४ मध्ये सुरू झालेले सिल्क मार्क हे चिन्ह रेशमाच्या शुद्धतेची हमी देते. वस्त्र हातमागावर विणले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी २००६ मध्ये सुरू झालेले हँडलूम मार्क हे स्वतंत्र चिन्ह आहे. खरेदीनंतर ही लेबले हरवली की जुन्या साडीचा पुरावा तिच्या विणीतच शोधावा लागतो.

विणकराचे नाव आणि वाटा

हाताने बनवलेल्या इतर काही वस्तूंच्या पुनर्विक्रीत कारागिराचे नावच किंमत वाढवते. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांनी घडवलेल्या पूल खेळाच्या काठ्या त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांच्या नावावर मोठ्या किमतीला विकल्या जातात. जुन्या पैठणीवर मात्र विणकराचे नाव सहसा आढळत नाही. अनेकदा व्यापारी रेशीम व जरी पुरवतो आणि विणकराला मजुरी मिळते. अशा व्यवस्थेत साडी पेढीच्या नावाने विकली जाते.

भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५३ अ नुसार चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास, ठरावीक अटींवर, निर्मात्याला त्या किमतीतील १० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. या यादीत हातमागाच्या वस्त्रांचा उल्लेख नाही. भौगोलिक मानांकनही वैयक्तिक विणकराला नव्हे, तर विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाला संरक्षण देते. त्यामुळे जुनी पैठणी अखंड राहून तिची किंमत वाढली, तरी तो लाभ मालक आणि विक्रेत्यापर्यंतच मर्यादित राहतो. पैठणीच्या विणीवरून तिचा काळ आणि प्रकार यांचा अंदाज बांधता येतो. ती कोणत्या हातांनी विणली, हे मात्र बहुतेक वेळा अज्ञात राहते.