टर्बो-डीझेल एंजिन, मोटारगाडीचे
बाहेरील हवा संपीडकाने दाबून सिलिंडरात भरणाऱ्या आणि तो संपीडक स्वतःच्याच निष्कास वायूच्या (जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) जोरावर फिरविणाऱ्या डीझेल एंजिनास टर्बो-डीझेल एंजिन म्हणतात. डीझेल एंजिनात ठिणगीची आवश्यकता नसते. दट्ट्याने हवा एकदम दाबली असता ती इतकी तापते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. सिलिंडरात जितकी अधिक हवा मावेल तितके अधिक इंधन पूर्णपणे जाळता येते. म्हणून हवा दाबून भरल्यास एंजिनाचा आकार न वाढविता शक्ती वाढविता येते.

इतिहास : रूडोल्फ डीझेल यांचे पहिले यशस्वी एंजिन जर्मनीतील आउग्जबुर्ख येथे १८९७ मध्ये चालू झाले. निष्कास वायूवर चालणाऱ्या संपीडकाचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. प्रारंभी त्याचा उपयोग जहाजे, आगगाड्या व मालमोटारी यांपुरताच होता. प्रवासी मोटारगाडीत तो १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझ कंपनीने आणला. महाराष्ट्रात डीझेल एंजिनांची परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यात सातारा रोड येथील कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने तयार होऊ लागली आणि १९४६ मध्ये पुणे येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. ही एंजिने मुख्यत्वे शेती व उद्योग यांसाठी होती. टाटांच्या १९९८ च्या इंडिका मोटारगाडीतील १,४०५ घ. सेंमी. क्षमतेच्या, टर्बोविरहित डीझेल एंजिनाची शक्ती सु. ५३ अश्वशक्ती होती. फियाट कंपनीने २००३ मध्ये यूरोपात आणलेले १,२४८ घ. सेंमी. क्षमतेचे टर्बो-डीझेल एंजिन पुढे पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होऊ लागले व २००८ मध्ये ते इंडिका व्हिस्टामध्ये बसविण्यात आले. आकाराने लहान असूनही त्याची शक्ती सु. ७५ अश्वशक्ती होती. टर्बोमुळे व सुधारलेल्या इंधन अंतःक्षेपणामुळे पडणारा फरक या दोन आकड्यांवरून कळतो.

रचना व कार्य : टर्बोमध्ये एकाच दंडावर दोन पातेचक्रे असतात. निष्कास वायूच्या मार्गातील चक्र टरबाइनाचे आणि हवेच्या मार्गातील चक्र संपीडकाचे होय. लहान एंजिनांत हा दंड दर मिनिटास सु. २ लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. दाबल्यामुळे हवा तापून विरळ होते. म्हणून ती बहुधा शीतकातून नेऊन मग सिलिंडरात सोडतात. इंधन एका सामाईक नळीत १,००० बारहून अधिक दाबाखाली साठविलेले असते. विद्युत् नियंत्रक प्रत्येक अंतःक्षेपकाची उघडझाप ठरवितो आणि एकाच आवर्तनात इंधन अनेक टप्प्यांत फवारतो. त्यामुळे डीझेल एंजिनाचा पूर्वीचा खडखडाट पुष्कळ कमी झाला आहे.

घाटातील वर्तन : वाईहून पसरणी घाटाने पाचगणीमार्गे महाबळेश्वरास जाताना रस्ता सु. ६५० मी. वर चढतो. महाबळेश्वरच्या सु. १,३७० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. १२ टक्के कमी असते. टर्बोविरहित एंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. टर्बो-डीझेल एंजिनात पातेचक्र अधिक वेगाने फिरून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. मात्र एंजिनाचे फेरे फार कमी असताना निष्कास वायू अपुरा पडतो व टर्बो मंद राहतो. म्हणून तीव्र वळणावर वरच्या गिअरात गाडी रेटण्याऐवजी वेळीच खालचा गिअर घालणे इष्ट असते.

उतारावर इंधन वाचविण्यासाठी एंजिन बंद करण्याची किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अत्यंत धोकादायक आहे. डीझेल एंजिनात ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात एंजिनावर चालणाऱ्या पंपाने निर्माण केली जाते. एंजिन बंद पडताच ब्रेक काही वेळा दाबल्यावर हे साहाय्य संपते आणि पायाला फार जोर लावावा लागतो. सुकाणूही जड होते. शिवाय या सवयीने बचतही होत नाही. गाडी गिअरात असून प्रवेगकावरून पाय काढलेला असल्यास आधुनिक एंजिनाचा नियंत्रक इंधन पूर्णपणे थांबवितो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन खर्च होतच राहते. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटासारख्या लांब उतारावर खालचा गिअर हाच ब्रेकचा खरा आधार होय.

दोष व देखभाल : या एंजिनाचे आयुष्य मुख्यत्वे वंगण तेलावर अवलंबून असते. काजळीने जाड झालेले तेल टर्बोच्या धारव्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. साखळीने झडपा चालविणाऱ्या एंजिनांत अशा तेलामुळे साखळी झिजते व सैल पडते. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे तेल व गाळणी ठरलेल्या मुदतीत, घाटरस्त्यावर वारंवार फिरणाऱ्या गाड्यांत त्याहूनही लवकर, बदलावी. चढ संपल्यावर एंजिन लगेच बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या दंडाभोवतीचे तेल करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून एंजिन एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवावे. टर्बोची तेलरोधक कडी निकामी झाल्यास वंगण तेल सिलिंडरात जाऊन तेच इंधनाप्रमाणे जळू लागते. अशा वेळी चावी फिरवूनही एंजिन थांबत नाही व बेफाम फिरून नष्ट होऊ शकते. निळसर धूर व तेलाची घटती पातळी या पूर्वसूचनांकडे दुर्लक्ष करू नये.

महाबळेश्वरच्या पावसाळ्यात इंधनातील ओलाव्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अंतःक्षेपकातील अतिसूक्ष्म भाग पाण्याने गंजतात. म्हणून इंधन गाळणीत साचलेले पाणी वेळोवेळी काढून टाकावे. साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरात शिरल्यास ते दाबले जात नसल्यामुळे दट्ट्याचा संयोगदांडा वाकतो. हिवाळ्यातील थंड सकाळी एंजिन सुरू होण्यास विलंब लागत असल्यास ज्वलनकक्षातील विद्युत् तापक तपासावेत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण-मानके लागू झाल्यावर डीझेल मोटारगाड्यांत काजळी अडविणारी गाळणी सर्रास आली. ती सु. ६००° से. तापमानास काजळी जाळून स्वतः स्वच्छ होते. त्यासाठी काही वेळ सलग व वेगाने प्रवास व्हावा लागतो. केवळ एका पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत मंद गतीने फिरणाऱ्या गाडीत ही क्रिया अपुरी राहते, गाळणी तुंबते आणि जादा फवारलेले इंधन वंगण तेलात मिसळून तेलाची पातळी वाढते. म्हणून तेलाची वाढलेली पातळीही घटलेल्या पातळीइतकीच चिंताजनक मानावी. नव्या मानकांच्या खर्चामुळे रांजणगावच्या वरील एंजिनासह अनेक लहान डीझेल एंजिनांचे उत्पादन २०२० च्या सुमारास थांबले. मोठ्या प्रवासी गाड्यांत मात्र टर्बो-डीझेल एंजिनाचा वापर होत राहिला आहे.