दिनदर्शिकाचित्रे
व्यापारी व उत्पादक यांनी ग्राहकांना भेटीदाखल वाटलेल्या दिनदर्शिकांवरील रंगीत चित्रे. विसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रात रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) व दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांची चित्रे विशेष लोकप्रिय होती. वर्ष सरले, तरी देवदेवतांचे चित्र टाकून देणे जिवावर येई. म्हणून तारखांचा भाग कापून ते चौकटीत बसवीत व पुष्कळदा देवघरात पूजीत. या कापाकापीत दुकानाचे नावही जाई, म्हणजे जाहिरात टिके ती जाहिरातदाराला वगळूनच. १९७३ पासून ‘कालनिर्णय’सारख्या विकत घ्यावयाच्या, मजकूरप्रधान दिनदर्शिका घरोघरी रूढ झाल्या. आजच्या स्मरणरंजनात मात्र कापून टाकलेल्या त्या पट्टीलाच मोल आले आहे. कारण गाव, पेढी व वर्ष यांची नोंद तीवरच असे.