बातमी पोचली की सापळा संपला

नांगरलेल्या शेतात डझनभर प्लॅस्टिकचे कावळे मांडायचे, एक उंच फांदीवर पहारेकऱ्यासारखा बसवायचा, जमल्यास कुंपणाच्या खांबावर खोटं घुबड ठेवायचं आणि जाळीच्या आडोशाला बंदूक घेऊन बसायचं. ब्रिटन-अमेरिकेत उपद्रवी कावळ्यांवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या केला जातो आणि पहिल्या सकाळी तो चालतोही. खाली चरणारे भाईबंद दिसले की वरून जाणाऱ्या कावळ्याला तिथे खाणं आहे आणि धोका नाही असं वाटतं. घुबड दिसलं तर त्याला हुसकावायला तो चार सोबती गोळा करून येतो. आपल्याकडच्या पारध्यांनाही हे शास्त्र ठाऊक होतं. पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराच्या हाकेवर रानातला तित्तर येतो, हे त्यांना सांगायला कुणी पक्षिशास्त्रज्ञ लागला नाही. मोगलांच्या काळी शिंगांना फास बांधलेलं पाळीव काळवीट रानातल्या नरासमोर सोडत; झुंजीला आलेला नर फासात अडकायचा. म्हणजे भुलवून मारणं ही जुनीच विद्या आहे. पण ती काही जिवांवर वर्षानुवर्षं चालते आणि कावळ्यावर मात्र लवकर बोथट होते, असं का? माझ्या मते याचं उत्तर आमिष किती हुबेहूब आहे यात नाही. फसवणुकीची बातमी मागे उरलेल्यांपर्यंत पोचते की नाही, यात आहे.

हे समजून घ्यायला ग्वाल्हेरइतकी सोयीची जागा नाही. तिथली डीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा मुख्यतः रासायनिक आणि जैविक अस्त्रांपासून बचावाचं काम करते. संस्थानकाळातल्या, जिवाजीराव शिंद्यांचं नाव असलेल्या औद्योगिक संशोधनशाळेत तिची मुळं आहेत. आजचं नाव १९७३ सालचं. सैनिकाला शत्रूच्या गोळीइतकाच डासाचाही धोका असल्यामुळे कीटकांवरचं संशोधन तिथे आपसूक आलं. २००० साली मेंदकी, गणेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या अळ्यांपासून हेनायकोसेन नावाचं एक रसायन मिळतं. एकवीस कार्बन अणूंची ही साधी सरळ साखळी. अंडी घालायला जागा शोधणाऱ्या मादीला तिचा माग लागला की ती त्या पाण्याकडे वळते, कारण जिथे आपल्या जातीच्या अळ्या वाढताहेत ते पाणी आपल्या पिलांनाही मानवेल असा हिशेब तिच्या घडणीतच आहे. प्रयोगशाळेने पुढे या रसायनाला डायफ्लुबेन्झुरॉनची जोड दिली. कात टाकताना नव्या कवचासाठी लागणारं कायटिन हे औषध नीट तयार होऊ देत नाही. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. त्यातून निघालेल्या अळ्या वाढ पुरी न होताच मरतात.

या युक्तीतली खरी कारागिरी सुगंधात नाही, मादीला जिवंत जाऊ देण्यात आहे. तिला काहीही होत नाही. आपण घातलेल्या अंड्यांचं पुढे काय झालं हे तिला कधी कळत नाही आणि कळलं असतं तरी दुसऱ्या मादीला सांगायची सोय तिच्याकडे नाही. त्यामुळे तेच आमिष शंभराव्या मादीसमोरही पहिल्या दिवसाइतकंच ताजं असतं. उलट ती जितक्या ठिकाणी अंडी विखरून घालते, तितकं भांड्याभांड्यांतून डास शोधत फिरण्याचं माणसाचं काम ती स्वतः करते. कावळ्याच्या बाबतीत यातली एकही गोष्ट जुळत नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली सिएटलच्या आवारात एक प्रयोग सुरू केला. गुहामानवाचा मुखवटा घातलेल्या माणसांनी सात कावळे पकडले, पायांत कडी घातली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणी फिरलं की कावळे त्याच्यावर ओरडत. चेहरा साधा असेल तर त्याच्याकडे फारसं बघतही नसत. मुख्य गोष्ट पुढची. वर्षं जात गेली तसे मुखवट्यावर ओरडणारे कावळे वाढत गेले आणि त्यांतले बहुतेक त्या दिवशी पकडले गेलेले नव्हते. काहींनी इतरांचा गोंगाट पाहून धडा घेतला होता, काहींनी आईबापांकडून. त्याच विद्यापीठात केली स्विफ्ट यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुखवट्याच्या माणसाच्या हातात मेलेला कावळा दिला. भोवती कावळे जमले, कालवा झाला. त्यानंतर तो माणूस रिकाम्या हाताने आला तरी ते त्याला ओळखून ओरडत, त्या जागी ठेवलेल्या खाण्याकडे यायलाही बिचकत. सहा आठवड्यांनंतरही ही आठवण पुसली गेली नव्हती. हातात मेलेलं कबूतर असेल तर प्रतिसाद बराच सौम्य. मेलेल्या भाईबंदाभोवती कावळे जमतात ते शोकासाठी की आणखी कशासाठी, यावर वाद घालता येईल. पण इथे काय घडलं, कुणी केलं, याची ते नोंद घेतात हे मात्र नक्की. आता बंदूकवाल्याची मांडणी आठवा. खोटे कावळे, त्यांत पडलेले खरे, एक आडोसा, एक माणूस, एक धमाका. धडा शिकवायचा म्हणून मुद्दाम रचना केली असती तरी ती याहून स्पष्ट झाली नसती. एकाच शेतावर लागोपाठ बसू नये, मधे बरेच दिवस जाऊ द्यावेत, हा अनुभवी शिकाऱ्यांचा संकेत दुसरं काय सांगतो?

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे प्रयोग अमेरिकन कावळ्यावरचे; आपला गावकावळा आणि डोमकावळा वेगळ्या जातींचे. आक्षेप रास्त आहे, पण आपल्याकडचा पुरावा प्रयोगशाळेपेक्षा जुना आहे. वाळत घातलेल्या मासळीवर, शेतावर, कधी मटणाच्या दुकानापुढेही मेलेला कावळा टांगण्याची रीत भारतभर दिसते. ती टिकली याचा अर्थ आपला कावळाही मेलेल्या कावळ्यातून मजकूर वाचतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: इतका शहाणा कावळा कोकिळेचं पोर स्वतःच्या घरट्यात कसं वाढवतो? जो अंड्याला फसतो, तो प्लॅस्टिकला का फसणार नाही? मला वाटतं हा आक्षेप मूळ मुद्द्यालाच बळ देतो. कोकिळेची लबाडी टिकते कारण ती डासाच्या सापळ्याच्या घाटाची आहे. अंडं गुपचूप घातलं जातं, ते कावळ्याच्या अंड्याशी मिळतंजुळतं असतं, नुकसान उशिरा आणि चोरपावलांनी होतं, कुणा शेजाऱ्यासमोर होत नाही. चूक कुठे झाली हे दाखवणारा क्षणच कावळ्याच्या वाट्याला येत नाही. बंदूक तो क्षण देते, तोही साऱ्या थव्याला एकदम.

मग कीटक कधीच शिकत नाहीत का? एका अर्थाने शिकतात, पण मरून. घरातल्या झुरळांसाठी गोड आमिषात विष घालण्याची पद्धत रूढ झाल्यावर अमेरिकेत काही ठिकाणी झुरळं आमिषाला तोंड लावेनाशी झाली. ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी १९९३ साली दाखवलं की त्यांना विषाची नव्हे, ग्लुकोजचीच नावड होती आणि ती अनुवंशिक होती. पुढे वीस वर्षांनी कळलं की या झुरळांच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोजला उठून उत्तर देतात. गोड खाणारे मेले, ज्यांना गोड कडू लागत होतं त्यांचा वंश वाढला. म्हणजे बातमी इथेही पोचली. फक्त जनुकांच्या मार्गाने, कित्येक पिढ्या खर्ची घालून. उद्या हेनायकोसेनकडे पाठ फिरवणाऱ्या एडिस माद्या निपजल्या तर आश्चर्य वाटायला नको. कावळ्याला मात्र त्यासाठी पिढ्या लागत नाहीत, एक सकाळ पुरते.

गोळ्या घालून कावळे संपवल्याची उदाहरणंच नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल. नेदरलँड्समधल्या हूक व्हान हॉलंड बंदरात १९९४ साली दोन गावकावळे बहुधा जहाजातून उतरले आणि त्यांचे पुढे तीसेक झाले. ते गोळ्यांनीच निपटले गेले. तिथे बातमी पोचली असेलही, पण ती घेऊन जायला मागे कुणी नव्हतं आणि रिकाम्या झालेल्या जागी यायला शेजारच्या गावात दुसरे कावळे नव्हते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गोष्ट निराळी झाली. कचरा खातील म्हणून १८९० च्या दशकात भारतातून झांझिबारला नेलेले गावकावळे टांझानिया-केनियाभर पसरले आणि स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिलं फस्त करू लागले. दार-ए-सलाममध्ये त्यांच्यासाठी मोठाले जाळीचे पिंजरे लावले, आत मांस आणि सोबतीला जिवंत कावळे. बनावट कावळ्यापेक्षा हे आमिष कितीतरी सरस, कारण ते हलतं, बोलतं आणि खरोखर खातं. शिवाय धमाका नाही. २०२४ साली केनियाने दहा लाख कावळे मारण्याचा कार्यक्रम जाहीर केला तेव्हा भिस्त ठेवली ती स्टारलिसाइड या विषावर. हे विष कावळ्याची मूत्रपिंडं निकामी करतं, पण सावकाश. खाल्लेला कावळा तिथेच कोसळत नाही, उडून जातो आणि नंतर दूर कुठेतरी मरतो. पाहणाऱ्यांना खाणं आणि मरण यांची सांगड घालता येत नाही. डासाच्या मादीला जिवंत सोडण्यामागचा तर्क आणि हा तर्क एकच आहे.

मग हे विष आपल्याकडेही का नको? ग्वाल्हेरला हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर १९८५ पासून मिराज विमानं आहेत, आणि लढाऊ विमानाच्या एकुलत्या इंजिनात पक्षी शिरला तर काय होतं हे सांगायला नको. देशातल्या हवाई तळांवर बारा बोअरची बंदूक घेतलेले पक्षी-नेमबाज नेमले जातात. त्यांचा उपयोग आहे: आत्ता, या मिनिटाला धावपट्टीवर बसलेले पक्षी उडवून लावणं. पण तिथे बनावट कावळे मांडणं म्हणजे ज्यांना दूर ठेवायचं त्यांनाच निमंत्रण देणं. विषाचं म्हणाल तर केनियात कावळा उपरा आहे, इथे तो मूळचा. मारलेल्यांची जागा घ्यायला चारी दिशांनी दुसरे येणार, आणि विषाचा घास मोर किंवा साळुंकी खाणार नाही याची हमी कोण देणार? गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांच्या मूत्रपिंडांचं काय केलं आणि त्यात किती गिधाडं उरली, हे या देशाने पाहिलं आहे. शिवाय कायदाही बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा उंदीर-वटवाघळांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. आता एखाद्या वन्य प्राण्याला ठरावीक भागापुरतं आणि काळापुरतं उपद्रवी ठरवायचं तर केंद्राची अधिसूचना लागते. पितृपक्षात पिंडाला कावळा शिवेना म्हणून दर्भाचा कावळा करावा लागतो अशी तक्रार ज्या समाजात ऐकू येते, त्याच समाजात कावळे फार झाले अशीही ओरड असते. दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण कावळे सगळीकडे सारखे नसतात. जिथे खाणं उघड्यावर पडतं तिथे ते गोळा होतात.

हे कायदा करणाऱ्यांना फार आधी उमगलेलं दिसतं. विमान नियम, १९३७ मधला नियम ९१ सांगतो की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात जनावर कापू-सोलू नये आणि पक्षी येतील असा कचरा टाकू नये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात देशातल्या विमानतळांवरच्या पक्षी-धोक्याचा अभ्यास केला, त्यातही बोट याच दिशेला होतं: उघडा कचरा आणि खाटिकखान्याचे अवशेष. खऱ्या अर्थाने कावळ्याला भुलवणारी वस्तू ही आहे, आणि ती रोज ताजी मांडली जाते. मग त्याच कचऱ्यावर नेम धरून बसलं तर? बसता येईल, पण कावळे कमी होणार नाहीत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डजवळ १९४० साली रातथाऱ्यावर डायनामाइट लावून तीन लाखांवर कावळे एका फटक्यात मारले गेले. कावळा अमेरिकेत आजही मुबलक आहे. अन्न तेवढंच राहिलं की जे वाचतात त्यांच्या वाट्याला जास्त येतं, त्यांची पिलं जास्त जगतात, आणि शेजारच्या भागातले रिकाम्या जागेत सरकतात.

तरीही बनावट कावळ्यांच्या बाजूने बोलणारे म्हणू शकतात की गावकावळ्यावर, भारतात, नीट मोजून कुणी पाहिलंय का? म्हणणं योग्य आहे आणि तपासणं अवघड नाही. ग्वाल्हेरच्या परिसरात, तळापासून लांब, एकसारख्या दोन-चार उघड्या कचरापट्ट्या निवडाव्यात. काहींवर अधिसूचनेच्या चौकटीत बनावट कावळे मांडून नेमबाजी करावी, काहींवर नुसती रोजच्या रोज माती ओढावी, एखादी तशीच सोडावी. कावळे मोजावेत ते आधी, लगेच नंतर, आणि मुख्य म्हणजे सहा आठवड्यांनी, नेमबाज जागेवर नसताना आणि तो उभा असताना अशा दोन्ही वेळी. किती कावळे मेले हा आकडा अशा कार्यक्रमांच्या अहवालांत ठळक छापला जातो, पण त्यावरून काहीच ठरत नाही. कचऱ्यावर किती उरले, आणि बंदूक दिसताच त्यांतले किती उडाले, हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे पुरे.