जुनी गाडी, वाढीव शक्ती
लेखांक सहावा : पुढच्या चाकांचे गणित

मागील लेखांकात इंजिनची शक्ती वाढवण्याचे मार्ग पाहिले. ती शक्ती रस्त्यावर कितपत उतरते आणि न उतरलेली कुठे जाते, हा या लेखांकाचा विषय आहे. उदाहरणासाठी १९९३ साली बाजारात आलेली मारुती झेन घेतली आहे. कारण तिचे ९९३ सीसीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन काढून त्या जागी मारुती एस्टीमचे १२९८ सीसी इंजिन बसवणे हा हौशी मंडळींचा जुना आणि चांगला रुळलेला उद्योग आहे. दोन्ही इंजिने सुझुकीच्या ‘जी’ मालिकेतील आहेत. एस्टीमचे इंजिन कार्ब्युरेटरवर असताना ६५ अश्वशक्ती देत असे आणि एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर असलेली इंधनव्यवस्था आल्यावर ८५ देऊ लागले. म्हणजे लेथवर एकही भाग न चढवता शक्ती जवळपास पावणेदोन पट होते, आणि खरी अडचण नेमकी तेथून सुरू होते.

अँबेसिडर आणि पद्मिनी या गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना अशी विभागणी होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्ससह सारा कारभार पुढच्या चाकांवर सोपवला, आणि पुढे झेन व एस्टीम त्याच वाटेने गेल्या. या रचनेत गाडी हलकी होते आणि आत जागा मोकळी मिळते, परंतु वळणे, ओढणे आणि ब्रेकचा बहुतांश भार सोसणे ही तिन्ही कामे दोनच टायरांच्या वाट्याला येतात. त्यातच गाडी जोरात पुढे निघाली की तिचा भार मागे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला जे वरदान ठरते, तेच पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीच्या मुळावर येते.

हे आकड्यांत मांडले तर चित्र स्पष्ट होते. दोन माणसांसह झेनचे वजन सुमारे ९०० किलो धरले आणि त्यातील ६० टक्के पुढे मानले, तर उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ५४० किलो भार येतो. गाडीच्या दोन आसांमधील अंतर २३३५ मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर धरली, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर पूर्ण जोर लावताना त्यातील सुमारे ८३ किलो मागे सरकतात आणि पुढे ४५७ किलो उरतात. टायरची पकड, म्हणजे भाराच्या तुलनेत टायर रस्त्यावर किती जोर लावू शकतो याचे प्रमाण, ०.८ मानले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला ही दोन चाके जास्तीत जास्त ५४ अश्वशक्ती रस्त्याला देऊ शकतात. त्याहून अधिक जे मिळेल ते टायर जाळण्यात जाते. मूळ झेनच्या ५० पैकी गिअरबॉक्स व बेअरिंगांतील घट वजा जाता चाकांपर्यंत ४३च्या आसपास पोहोचतात, म्हणून कारखान्यातून आलेल्या गाडीत हा प्रश्न फारसा जाणवतही नाही. ८५ अश्वशक्तीच्या इंजिनातून चाकांना सुमारे ७२ मिळतात आणि योग्य गिअरमध्ये ताशी ५३ किलोमीटरपर्यंत चाक सुटू शकते. पावसात पकड ०.५ वर आली की हीच मर्यादा ताशी ८० पर्यंत चढते. १०० अश्वशक्तीचा आकडा पानठेल्यावर सांगायला छान असतो, पण जुलैमधल्या रायपूरच्या जीई रोडवर त्यातील निम्म्याचाही उपयोग होत नाही. म्हणूनच शक्तिवाढीचा हिशेब इंजिनाकडून नव्हे तर टायरकडून मांडावा, हा या लेखमालेचा आग्रह आहे.

याला जोडून दोन दोष येतात. पहिला म्हणजे टॉर्क स्टीअर : पूर्ण रेस दिल्यावर स्टीअरिंग आपोआप एका बाजूस ओढले जाणे. इंजिन आडवे आणि गिअरबॉक्स त्याच्या एका टोकाला असल्यामुळे चाकांकडे जाणाऱ्या दोन एक्सलांपैकी एक आखूड व एक लांब राहतो. दोघांचे कोन वेगळे पडतात, लांब एक्सलला पीळही अधिक बसतो आणि जोर वाढेल तशी ही विषमता थेट चालकाच्या हातांत येते. लोअर आर्मचे बुश व इंजिन माउंटिंग झिजलेले असतील तर हा दोष कैक पटींनी वाढतो, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत शक्तीच्या आधी रबर बदलणे शहाणपणाचे ठरते. दुसरा दोष डिफरेन्शिअलचा. वळणावर आतले चाक कमी व बाहेरचे अधिक फिरावे यासाठी असलेली ही गिअरची जोडणी दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. त्यामुळे आतले, हलके झालेले चाक किंवा कडेच्या वाळूत गेलेले चाक जेवढा जोर पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. यावरचा उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल, जे सुटणाऱ्या चाकाचा जोर काही प्रमाणात दुसऱ्याकडे वळवते. पण तो भाग महाग असतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो.

एक्सलच्या टोकाला असलेला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेले असतानाही सारख्या गतीने फिरणारा पोलादी गोळ्यांचा सांधा, हा या साखळीतील सर्वांत आधी हार मानणारा दुवा. त्याचा रबरी बूट फाटला की काळे ग्रीस रिमच्या आतल्या बाजूस गोल शिंतोड्यांनी उडालेले दिसते आणि त्या फटीतून धूळ आत शिरते. अनुभवी मिस्त्री स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून गाडी संथपणे गोल फिरवतो. त्या वेळी कट-कट असा ठेका ऐकू आला, तर तो सांधा आधीची शक्तीही फार काळ पेलणार नाही.

रायपूरच्या हवेचा विचार येथे वेगळा करावा लागतो. इंजिनची शक्ती म्हणजे शेवटी त्यात शिरलेल्या हवेचे वजन. १२९८ सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना, सिलिंडर पूर्ण भरतात असे मानले, तर मिनिटाला ३८९४ लिटर हवा ओढते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात त्या हवेचे वजन ४.७७ किलो भरेल. सुमारे ३०० मीटर उंचीवरील रायपुरात मेच्या ४५ अंशांत ते ४.१७ किलोच भरते. म्हणजे सुमारे एक अष्टमांश शक्ती ऋतूच खाऊन टाकतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत याची आणखी एक गंमत आहे. पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हवेच्या प्रमाणात साधारण ८ ते ९ टक्के अधिक इंधन लागते, तर पातळ हवेमुळे कार्ब्युरेटर उन्हाळ्यात आपणहून सहा-साडेसहा टक्के गाढे मिश्रण देतो. दोन चुका मे महिन्यात एकमेकींना जवळपास झाकतात आणि डिसेंबरच्या पहाटे, हवा घट्ट झाल्यावर, उघड्या पडतात. तेव्हा मिश्रण पातळ होते, पिस्टनचा माथा तापतो, आणि कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, सुरू होते. ‘उन्हाळ्यात तर उत्तम चालत होती’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. कार्ब्युरेटरचे जेट बदलताना मात्र हिवाळा समोर ठेवावा लागतो.

उरला एअर फिल्टर. शक्तीसाठी मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावण्याची फॅशन आहे. पण तो रेडिएटरमागची तापलेली हवाच ओढतो, आणि रायपूरजवळच्या सिलतरा व उरला येथील स्पंज आयर्न कारखान्यांच्या पट्ट्यात तर बारीक लोहयुक्त धूळही ओढतो, जी बोअर व रिंगांसाठी पॉलिशपेपरचे काम करते. मूळ डबा ठेवून ग्रिलमागून थंड हवेची नळी जोडणे हा दिसायला साधा, पण येथे अधिक किफायतशीर उपाय आहे.

लहान पुढच्या-चाकी गाडीची शक्ती शहाणपणाने कशी वाढवावी, याचे जुने उदाहरण ब्रिटिश मिनीचे. १९५९ च्या ८४८ सीसी, ३४ अश्वशक्तीच्या मिनीपासून १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या सहभागातून ९९७ सीसी, ५५ अश्वशक्तीची मिनी कूपर तयार झाली, आणि तिला त्याच वेळी पुढे डिस्क ब्रेकही देण्यात आले. १९६४, १९६५ व १९६७ साली मिनीने मोंटे कार्लो रॅली जिंकली. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ८० वरून १२० वर जाताना ब्रेकला सव्वादोन पट उष्णता गिळावी लागते. झेनच्या पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रम ज्या वेगासाठी बनले, तो वेग ओलांडण्याआधी निदान पॅड, ब्रेक ऑइल व होज बदलले पाहिजेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आरसीवर ९९३ सीसी आणि बॉनेटखाली १२९८ सीसी असलेल्या झेनच्या विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे अशा गाडीची जागा ट्रॅकवर आहे, आणि इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर वा ग्रेटर नोएडा यांपैकी एकही ट्रॅक रायपूरहून जवळ नसल्याने गाडी ट्रेलरवरून नेण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा लागतो.

पुढील लेखांकात क्लचप्लेट व गिअरचे प्रमाण.