दोन कर्करोगांचा नीरक्षीरविवेक
फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा व प्रत्यक्ष फुप्फुसांतील ॲडेनोकार्सिनोमा हे दोन कर्करोग सूक्ष्मदर्शकाखालीं पुष्कळदां जुळ्या भावंडांसारखे दिसतात. १९४१ सालीं कून्स यांनीं प्रतिपिंडास चकाकणारा रंग जोडला. आजची परीक्षा त्याच युक्तीची वाढ होय. प्रतिपिंड आपल्या नेमक्या प्रथिनासच चिकटतें आणि तेथें रंग उमटतो. कॅलरेटिनिन व डब्ल्यूटी-१ रंगल्यास बहुधा पहिला, टीटीएफ-१ व क्लॉडिन-४ रंगल्यास दुसरा रोग समजावा. परंतु एका साक्षीवर निवाडा नको. दोन्ही पक्षांचे कमींत कमी दोन दोन साक्षीदार तपासावे, असा दंडक आहे. औषधयोजना यावरच ठरते. शिवाय १९६० सालीं वॅग्नर प्रभृतींनीं दक्षिण आफ्रिकेंत मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टॉसशीं संबंध दाखविल्यापासून अनेक देशांत श्रमिकाच्या नुकसानभरपाईचा हक्कहि यावर अवलंबून असतो. म्हणून ‘कोणकोणते रंग केले?’ हें कुटुंबीयांनीं वैद्यांस अवश्य विचारावें, असें आम्ही सुचवितों.